क्षमा करायची म्हणजे दावा मागे घ्यायचा का?

प्रश्न अंबड तालुक्यातल्या एका बहिणीचा आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे सहा एकर जमीन, आई, एक भाऊ आणि ही बहीण. 'आईच्या नावावर पीककर्ज काढायचंय, वारस म्हणून तुझी सही लागते,' असं सांगून भावानं तिला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. गेल्या वर्षी सातबारा काढला तेव्हा आपलं नाव गेल्याचं तिला कळलं. तिनं दिवाणी दावा लावला. आता मंडळीतले (चर्चमधले) वडीलजन म्हणतात, "येशूनं सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलंय. दावा मागे घे. तोवर प्रभुभोजनाला येऊ नको." प्रभुभोजन म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून मंडळीनं मिळून घ्यायची भाकर आणि द्राक्षरस. ती पुढे लिहिते, "प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' या ओळीला मी गप्प राहते. भावाला माफ करणं मला जमत नाही. मग देव मलाही माफ करणार नाही का? त्याचं माझ्यावर प्रेम उरलंय का?"

ताई, जय ख्रिस्त.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि मंडळीतल्या लोकांनी त्यांची गाठ मारून ठेवली आहे. देवाचं माझ्यावर प्रेम आहे का, हा एक. दावा मागे घ्यायचा का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर मुळीच अवलंबून नाही. दावा चालवलात म्हणून देवाचं तुमच्यावरचं प्रेम कमी होणार नाही, मागे घेतलात म्हणून वाढणारही नाही. हे आधीच सांगतो, कारण उत्तर लांबणार आहे आणि वाचताना ती धाकधूक तुमच्या मनात राहायला नको.

देवाच्या प्रेमाबद्दल आम्ही पाळक मंडळी कधी कधी फार गुळगुळीत बोलतो. पवित्र शास्त्र तसं बोलत नाही. निर्गमच्या ३४व्या अध्यायात सीनाय पर्वतावर देव मोशेसमोरून जातो आणि स्वतःची ओळख करून देतो. मी दयाळू आहे, कृपाळू आहे, मंदक्रोध आहे, अपराधांची क्षमा करतो, असं तो म्हणतो. आणि त्याच दमात म्हणतो की अपराध्याला मी निर्दोष ठरवून सोडत नाही. या दोन गोष्टी एकाच देवात कशा नांदतात, याचं उत्तर वधस्तंभावर मिळतं. तिथे देवानं पापाकडे काणाडोळा केला नाही. पापाची किंमत काय असते ते तिथे सगळ्यांसमोर उघडं पडलं आणि ती किंमत त्यानं स्वतःच्या अंगावर घेतली. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला आणि देवाच्या प्रेमाचं प्रमाण हेच आहे. आपण सुधारलो, रडलो, भावाला माफ केलं आणि मग देवाला आपली माया आली, असा क्रम तिथे नाही. तुम्हाला भावाबद्दल काही वाटण्याच्या कितीतरी आधीपासून हे प्रेम तुमच्यावर आहे. ते आटलंय का, असं तुम्ही विचारता. ज्या प्रेमाची सुरुवातच तुमच्या वागण्यातून झाली नाही, ते तुमच्या वागण्यानं संपणारही नाही.

आता मत्तयच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय. वडीलजनांनी तुम्हाला तो अध्याय दाखवला हे चांगलं केलं. आपण तोच उघडू, पण पूर्ण.

येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? पेत्राचा आकडा कंजूष नव्हता. येशू त्याला सातांच्या सत्तर वेळा असं सांगतो. शास्त्र जाणणाऱ्या यहुदी माणसाला ते ऐकून लामेख आठवला असणार. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाचा हा वंशज आपल्या बायकांपुढे बढाई मारतो की काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्याहत्तरपट. सुडाला माणसानं जशी हद्द ठेवली नव्हती, तशी येशूनं क्षमेला ठेवली नाही. मग तो दाखला सांगतो. राजाच्या एका चाकराकडे १०,००० तालांत थकले होते. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. येशूच्या काळात गालील आणि पेरिया या अख्ख्या मुलखातून हेरोद अंतिपाला वर्षाकाठी २०० तालांत महसूल मिळे, अशी योसेफस या यहुदी इतिहासकाराची नोंद आहे. म्हणजे पन्नास वर्षांचा महसूल एका माणसाच्या डोक्यावर. राजा ते सगळं सोडून देतो. हा चाकर बाहेर पडतो, त्याला सोबतीचा चाकर भेटतो, त्याच्याकडे याचे १०० दीनार निघतात, आणि हा त्याची नरडी धरतो.

घरसभेत हा दाखला मी ऊसतोडीच्या भाषेत सांगतो. कारखान्यानं मुकादमाच्या अंगावरची कोट्यवधींची उचल एका सहीत माफ केली आणि मुकादम गेटच्या बाहेर येऊन लाखभराच्या उचलीसाठी एका कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, धरून बसला. घनसावंगी, गेवराई, माजलगावकडच्या माणसांना याच्या पुढे काही समजवावं लागत नाही. या हंगामात न फिटलेली उचल पुढच्या हंगामावर चढते, हे त्यांनी सोसलेलं असतं.

या दाखल्यातल्या दोन गोष्टी सहसा नजरेतून सुटतात, आणि तुमच्यासाठी त्याच महत्त्वाच्या आहेत.

एक तर १०० दीनार ही किरकोळ रक्कम नव्हती. शंभर दिवसांची मजुरी होती ती, एका गरीब घराचे तीन-चार महिने. येशूला दुसरं कर्ज चार-दोन दीनारांचं ठेवता आलं असतं. त्यानं ते खरं ठेवलं, दुखेल एवढं ठेवलं. तुमचं जे गेलं ते मोठं होतं, हे या दाखल्याला मान्य आहे. 'जाऊ दे, एवढं काय मनाला लावून घेतेस' असं तुम्हाला कुणी सांगत असेल, तर तो माणूस येशूचा दाखला सांगत नाहीये.

दुसरं असं की चाकरानं राजाकडे मागितली होती ती मुदत. धीर धरा, मी सगळं फेडीन, असं तो म्हणाला. राजानं मुदत दिली नाही, कर्जच सोडलं. मला वाटतं, हे त्या चाकराच्या आत उतरलंच नाही. दरबारातून तो कर्जदार म्हणूनच बाहेर आला, डोक्यात वसुलीचा हिशोब घेऊन. दाखल्याच्या शेवटी हे कळल्यावर राजा त्याच्यावर संतापतो, तो संताप याच्यासाठी आहे. मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं वाक्य, की तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही, हे कडक आहे आणि मी ते मऊ करून सांगणार नाही. पण त्यात देवाच्या क्षमेचा भाव ठरवलेला नाही. ती विकत घ्यायची म्हटली तर तेवढं भांडवल ना तुमच्याकडे आहे, ना माझ्याकडे. ते वाक्य सूड हाच जगण्याचा आधार करून बसलेल्या माणसाबद्दल आहे. अशा माणसानं देवाची क्षमा आधीच नाकारलेली असते, कारण ती घेतली तर हातातला सूड सोडावा लागतो.

तुम्ही त्यातल्या नाही. तुम्ही त्या ओळीला गप्प राहता. ज्याला क्षमा करायचीच नसते, तो ती ओळ बिनदिक्कत म्हणून मोकळा होतो. देवासमोर खोटं बोलायला तुमची जीभ रेटत नाही, याला मी अविश्वास म्हणणार नाही.

आता त्याच अध्यायातला, पेत्राच्या प्रश्नाच्या लगेच आधीचा भाग बघा, १५ ते १७ ही वचनं. येशू म्हणतो, तुझ्या भावानं तुझा अपराध केला तर जा आणि एकांतात त्याला त्याचा अपराध दाखव. त्यानं ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घे, म्हणजे साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट पक्की होईल. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परका समज. क्षमेला हद्द न ठेवणारा अध्याय हाच आहे, आणि अपराध नाव घेऊन समोर ठेवायला, साक्षी काढायला सांगणाराही हाच. लूकच्या १७व्या अध्यायात येशू हे एकाच वाक्यात सांगतो: भावानं अपराध केला तर त्याला दटाव, आणि पश्चात्ताप केला तर क्षमा कर.

तुमच्या मंडळीनं यातली कोणती पायरी पाळली? भावाला बोलावलं का? हक्कसोडपत्राची नक्कल मागवून वाचली का? आईजवळ बसून विचारलं का? पत्रात तसं काही दिसत नाही. त्यांनी सरळ जिची फसवणूक झाली तिला गाठलं, कारण तीच ऐकून घेईल असं त्यांना वाटलं. तुमची एक सही खोटं सांगून घेतली गेली. आता दुसरी येशूच्या नावानं मागितली जातेय. एक पाळक म्हणून मला याचं फार वाईट वाटतं.

वडीलजनांच्या बाजूनं एक भक्कम वचन आहे आणि ते टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल विश्वासणाऱ्यांना झापतो: भाऊ भावावर फिर्याद करतो, आणि तीही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे! त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? हे वचन मला स्वतःला कठीण जातं. पण त्याच्या मागचं-पुढचं वाचा. पाचव्या वचनात पौल विचारतो की भावाभावांमध्ये निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का? आठव्यात तो अन्याय करणाऱ्यांकडे वळतो: तुम्हीच फसवता, आणि तेही भावांना. म्हणजे पौलाची पहिली मागणी मंडळीकडे आहे, की बसा, दोघांचं ऐका, निवाडा करा. जी मंडळी बसायलाच तयार नाही, तिला 'कोर्टात जाऊ नको' एवढंच वाक्य उचलण्याचा अधिकार पौल देत नाही. आणि हाच पौल फिलिप्पैत, बेकायदा फटके मारून तुरुंगात टाकल्यावर, गुपचूप निघून जायला नकार देतो आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर काढावं असं म्हणतो. पुढे कैसरियात न्याय मिळत नाही असं दिसल्यावर तो कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागतो.

अन्याय सोसण्याचा मार्ग खरा आहे, त्याला मी कमी लेखत नाही. ख्रिस्तासाठी आपला वाटा सोडणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्यापुढे माझी मान झुकते. पण ज्याला न्याय मागता येतो त्यानं समजून-उमजून, कुणाच्या दडपणाशिवाय सोडलं, तरच ते देणं असतं. अंधारात ठेवून काढून घेतलं तर ती चोरीच, मग तिच्यावर कितीही वचनं म्हटली तरी.

लूकच्या १२व्या अध्यायात एक माणूस येशूला म्हणतो, माझ्या भावाला माझा वाटा द्यायला सांगा. येशू वाटणीदार व्हायला नकार देतो आणि लोभापासून सावध राहायला सांगतो. हे तुम्हीही मनाला लावून घ्या. वाटा मागताना मनात लोभ शिरलाय का, हे तपासण्याचं काम दुसरं कुणी तुमच्यासाठी करू शकत नाही. मात्र ज्याच्या नावावर आज सहाच्या सहा एकर आहेत, त्यालाही हाच अध्याय वाचून दाखवायला हवा.

गणनाच्या २७व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहतात आणि बापाच्या वतनात वाटा मागतात. त्यांना भाऊ नव्हता, त्यामुळे त्यांचं प्रकरण तंतोतंत तुमचं नाही. तरी बघा, मोशे स्वतः निकाल देत नाही, तो त्यांचा दावा परमेश्वरापुढे नेतो, आणि परमेश्वर म्हणतो की मुलींचं म्हणणं रास्त आहे. भर मंडळीत उभं राहून बापाच्या जमिनीत वाटा मागणाऱ्या बायकांना देव लोभी म्हणाला नाही.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना वारशासाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलामुलींना सारखं. तुमच्या घरी याचा अर्थ तिघांना प्रत्येकी दोन एकर. फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागायला, फसवणूक कळल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत असते. तुम्ही त्यात आहात, इतर बहिणींनीही हे लक्षात ठेवावं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. बाकी वकिलालाच विचारा, ते माझं काम नव्हे.

माझं काम आहे ते पुढचं बोलणं. मराठवाड्यात बहिणीनं वाटा मागितला की माहेर तुटतं. दिवाळीला मुराळी यावा, आजारपणात कुणीतरी डोकावावं, लेकराच्या लग्नात मामा उभा राहावा, एवढ्यासाठी कितीतरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात आणि त्याला 'खुशीनं सोडलं' म्हणतात. हिंदू घरात हे होतं, मुसलमान घरात होतं, आपल्याही घरात होतं. फरक एवढाच की आपल्या घरात या रिवाजाला वचनाचा आधार देण्याचा मोह होतो. बहीण गप्प बसली की ती क्षमाशील, बोलली की तिचा विश्वास कच्चा. जालन्याजवळचं बेथेल एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती झालेल्या लोकांसाठी वसवलं. ज्यांना गावानं, भावकीनं दूर लोटलं, अशांना आसरा देत आपल्याकडची मंडळी वाढली. तीच मंडळी आज भावकीचीच रीत येशूच्या नावानं बहिणीवर लादते, हे मला पटत नाही.

मग क्षमा तुमच्याकडून नेमकं मागते तरी काय? पुष्कळ मागते, आणि ते दावा मागे घेण्यापेक्षा अवघड आहे.

ती सूड सोडायला सांगते. रोमकरांस १२व्या अध्यायात सूड देवाकडे सोपवायला सांगितलंय. तुमच्या बाबतीत याचा रोजचा अर्थ असा: दाव्यात जे घडलं तेवढंच लिहा. मारहाण केली नसेल तर मारहाणीचं कलम घालू नका, मग बाजू मजबूत करायला कुणी कितीही सुचवो. तुमच्या दोन एकरांपेक्षा बांधभरही जास्त मागू नका. भावाच्या लेकरांना शिव्याशाप देऊ नका, त्यांच्याशी बोलणं सोडू नका. आई त्याच्याकडे राहते. तिला दोघांच्या मध्ये ओढू नका. त्याचं पीक बुडालं तर मनाला बरं वाटेल, ते तिथल्या तिथे देवाला सांगा.

आणि राग? तो देवासमोर बोला. त्यासाठी स्तोत्रं आहेत. स्तोत्र ५५ काढा. वैऱ्यानं निंदा केली असती तर सोसलं असतं, पण तू तर माझा जिवलग, असं ते गाऱ्हाणं आहे. १०९वं तर इतकं जळजळीत आहे की आम्ही ते उपासनेत सहसा वाचत नाही. घरात दार लावून तुम्ही वाचा. ज्या देवानं अशी गाऱ्हाणी आपल्या शास्त्रात राहू दिली, त्याला तुमचा राग ऐकून धक्का बसणार नाही. रागाला जागा मिळाली की त्याच्याखाली दडलेलं दुःख वर येतं, असं मी लोकांबरोबर बसून पाहिलंय. तुमचं दुःख मला वाटतं जमिनीपेक्षा या गोष्टीचं आहे की हात धरून नेणारा भाऊच होता.

वधस्तंभावर येशू म्हणाला, "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." त्यानं बापाकडे मागितलं. तुम्हाला 'मी माफ केलं' म्हणवत नसेल त्या दिवशी 'बापा, मला जमत नाही, तू कर' एवढंच म्हणा. हे अपुरं नाही. क्षमेचा झरा मुळात तुमच्या मनात नाहीच, तो देवात आहे. तुम्ही त्याच्यापासून पाठ फिरवली नाही, एवढं पुरे. आणि हे एकदा म्हणून भागणार नाही. त्या रानात सोयाबीन उगवलेलं दिसेल, कापूस फुटलेला दिसेल, कुणी सहज 'यंदा तुझ्या भावाचं बरं पिकलं' म्हणेल, की सगळं पुन्हा वर येईल. तेव्हा पुन्हा म्हणायचं. सातांच्या सत्तर वेळा हा हिशोब कदाचित एकाच अपराधासाठीही लागतो.

क्षमा आणि न्यायालय एकत्र चालू शकतं का, असं वाटत असेल तर ओडिशातल्या ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण बघा. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर इथे त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन लहान मुलगे यांना जमावानं गाडीत जिवंत जाळलं. ग्रॅहम बारीपदा इथे कुष्ठरुग्णांची सेवा करत. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि पुढची काही वर्षं तिथेच राहून कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवलं. खटला त्याच्या वाटेनं चालला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. त्यांच्या क्षमेनं न्यायालयाचं दार बंद झालं नाही आणि न्यायालयानं त्यांची क्षमा खोटी ठरवली नाही.

ऐकायला जड जाईल, पण हेही सांगितलं पाहिजे: देवाचं तुमच्या भावावरही तितकंच प्रेम आहे. पहिल्या राजांच्या २१व्या अध्यायात नाबोथाचा द्राक्षमळा असाच गेला. अहाब राजाची राणी ईजबेल हिनं राजाच्या नावानं पत्रं लिहिली, त्यांवर राजाची मोहोर केली, खोटे साक्षीदार उभे केले. कागद चोख होता. देवानं एलीया संदेष्ट्याला पाठवलं आणि अहाबाला त्याच मळ्यात गाठलं. तोच अहाब पुढे गोणपाट नेसून नमला, तेव्हा देवानं त्याच्यासारख्याचंही नमणं पाहिलं आणि त्याच्या हयातीतलं अरिष्ट टाळलं. देवाचं भावावर प्रेम आहे म्हणूनच तो त्याला लुबाडलेल्या जमिनीवर निवांत झोपू देणार नाही. ती गोष्ट खरी काय आहे ती खरी म्हणून त्याच्यासमोर ठेवणं, हाही त्याच्यावरच्या प्रेमाचाच भाग आहे. सगळ्यांनी 'झालं गेलं' म्हटलं तर त्याला पश्चात्तापाची वाटच उरत नाही.

प्रभुभोजनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीजवळ अर्पण आणताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला हे सांगितलंय. मेजापासून थांबून आधी उठून जायचं असेल तर ते तुमच्या भावानं. करिंथकरांस पत्रात प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करून मग भाकर खावी असं आहे. ती परीक्षा तुम्ही माझ्या ओळखीतल्या बहुतेकांपेक्षा जास्त केली आहे. ती भाकर ज्यांना क्षमा करता येते त्यांचं बक्षीस नव्हे, ज्यांना ती लागते त्यांचं अन्न आहे. तुम्ही जा. कुणी अडवलं तर शांतपणे लेखी कारण मागा आणि तो कागद तुमच्या पाळकांकडे, गरज पडली तर त्यांच्या वरिष्ठांकडे न्या.

भाऊ आला तर काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण तो दिवस येऊ शकतो. उधळ्या मुलाच्या दाखल्यात बाप मुलाला लांबूनच बघतो, कळवळतो, धावत जातो, मुलानं पाठ करून आणलेलं बोलणं पुरतं होऊही देत नाही. झगा, अंगठी, जोडे, जेवण, सगळं देतो. तुम्हीही तेव्हा हात आखडता घेऊ नका. पण त्याच बापाचं थोरल्याशी बोलणंही वाचा: माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. धाकट्याला मिठी मिळाली. थोरल्याच्या वाट्याला त्यानं हात लावला नाही. जक्कय या जकातदाराच्या घरी तारण आलं त्या दिवशी त्यानं स्वतःहून सांगितलं की कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करीन. भाऊ 'माफ कर' म्हणाला आणि त्याच श्वासात 'चल, तलाठ्याकडे जाऊ, फेरफार करून घेऊ' म्हणाला, तर तो पश्चात्ताप आहे, आणि तेव्हा दाव्यात तडजोड लिहून द्यायला एक दिवसही लावू नका. नुसतंच 'माफ कर आणि दावा काढ' म्हणाला, तर जेवायला वाढा, मायेनं बोला, आणि दावा राहू द्या.

तो आलाच नाही, तर समेट होणार नाही. रोमकरांस १२व्या अध्यायात पौल म्हणतो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीनं राहा. तुमच्याकडून होईल तितकं तुम्ही केलंत, तर उरलेल्याचा जाब देव तुमच्याकडे मागणार नाही.

एक काम मात्र अजून कुणीच केलेलं नाही, मत्तय १८ची दुसरी पायरी. पुढच्या तारखेच्या आधी मी आणि तुमच्या मंडळीतला, तुम्हा दोघांचाही विश्वास असलेला एखादा माणूस, असे आम्ही तुमच्याबरोबर भावाकडे यायला तयार आहोत. जालन्याहून अंबड लांब नाही. हक्कसोडपत्राची नक्कल आणि जुना-नवा सातबारा सोबत ठेवा. आम्ही येतोय हे आधी तुम्ही स्वतः भावाला फोन करून सांगा. न सांगता तीन माणसं दारात उभी राहिली तर तो आधी स्वतःचा बचाव करायला लागेल आणि बोलणं तिथेच अडेल.